बाई, तो प्रश्न आठवतो?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)

आठवीत बाईंनी फळ्यावर पृथ्वीचा छेद काढला, तेव्हा मी विचारलं, "बाई, हे आतलं कुणी पाहिलंय?" वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "कुणीच नाही. तू शोध."

माणसानं पाडलेलं सर्वांत खोल छिद्र जेमतेम १२ किलोमीटरचं. पृथ्वीत सर्वाधिक असलेलं खनिज मात्र ६६० किलोमीटरच्या खाली. प्रयोगशाळेत ते बनत होतं. पण निसर्गातला नमुना तपासल्याशिवाय खनिजाला नाव मिळत नाही. तो नमुना मिळाला आकाशातून! १८७९ साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या टेनहॅम अशनीत. अवकाशातल्या टकरीत क्षणभर प्रचंड दाब आला आणि दगडातल्या बारीक काळ्या शिरांत ते तयार झालं. २०१४ मध्ये त्याला नाव मिळालं, ब्रिजमनाइट.

आपल्या लोणारलाही अशनीच्या आघातानं बेसाल्टमधल्या फेल्डस्पारची काच झाली आहे. अशाच दगडांच्या चकत्या मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो.

बाई, त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगून मला गप्प बसवलं असतं, तर आज इथे सांगायला माझ्याकडे काहीच नसतं.