सिगारेट सुटल्यानंतरचा काळ

सिगारेट सोडणे ही एका दिवसाची कृती असून ती सुटलेली ठेवणे हे काही महिन्यांचे, किंबहुना काही वर्षांचे काम आहे. परंतु धूम्रपानाविषयीचा उपदेश बहुधा पहिल्या गोष्टीपाशीच थांबतो आणि त्यामुळे चार वेळा सोडून पाचव्यांदा पुन्हा ओढू लागलेल्या माणसाला सांगण्यासारखे त्यात फारसे काही उरत नाही. वास्तविक असाच माणूस धूम्रपान करणाऱ्यांचा खरा प्रतिनिधी होय. औषध किंवा समुपदेशन यांच्या मदतीवाचून सिगारेट सोडणाऱ्या शंभर जणांपैकी सहा महिने ते एक वर्षानंतर साधारण ३ ते ५ जणच त्यापासून दूर राहिलेले आढळतात, आणि जे पुन्हा ओढू लागतात त्यांतील बहुतेकांचा निश्चय पहिल्या आठवड्याच्या आसपासच ढळलेला असतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात केलेल्या दीर्घकालीन पाहणीवरून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कायमची सुटका होण्यापूर्वी अनेकांना ३० किंवा त्याहून अधिक प्रयत्न करावे लागत असावेत, असा अंदाज मांडला गेला. तोपर्यंत पाच ते सात हा आकडा सर्रास सांगितला जात असे. यांपैकी कोणताही अंदाज ग्राह्य धरला, तरी फसलेला प्रयत्न हा अपवाद नसून नेहमीचा क्रम आहे, एवढे निश्चित होते.

या क्रमामागे निकोटिनची कार्यपद्धती आहे. धूर आत ओढल्यानंतर १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचते, तेथील विशिष्ट ग्राहींना, म्हणजे पेशींच्या पृष्ठभागावर रासायनिक संदेश स्वीकारणाऱ्या रेणूंना, चिकटते आणि डोपामिन या द्रव्याचा स्राव घडवून आणते. एखादी कृती पुन्हा करण्याजोगी आहे, हे मेंदूला पटवणे हे डोपामिनचे एक प्रमुख कार्य समजले जाते. रोजच्या पुरवठ्यामुळे या ग्राहींची संख्या वाढते, आणि रक्तातील निकोटिन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येत असल्यामुळे ही वाढीव संख्या दिवसभर नव्या मात्रेची मागणी करीत राहते. सिगारेट बंद केल्यावर जी चिडचिड, बेचैनी आणि झोपमोड जाणवते, तिला ‘विथड्रॉवल’ची लक्षणे, म्हणजे अंगवळणी पडलेले द्रव्य मिळेनासे झाल्याची लक्षणे, असे म्हणतात, पहिल्या दोन-तीन दिवसांत ती तीव्र असतात आणि तीन-चार आठवड्यांत बहुधा ओसरतात. ग्राहींची संख्याही साधारण ६ ते १२ आठवड्यांत सिगारेट न ओढणाऱ्यांच्या पातळीवर येते. शरीराचा हिशेब अशा रीतीने तीन महिन्यांत बहुतांशी मिटतो.

तरीही सहाव्या महिन्यात किंवा दुसऱ्या वर्षी तोच माणूस पुन्हा पानटपरीवर दिसतो, कारण शरीराचा हिशेब मिटला तरी सवयीचा मिटलेला नसतो. दिवसाला २० सिगारेटी आणि प्रत्येकीचे १० झुरके धरले, तर वर्षाला ७३,००० झुरके होतात, आणि त्यांतील प्रत्येक झुरका सकाळचा चहा, जेवणानंतरचा फेरफटका, बसची वाट पाहणे, साहेबांशी झालेली खडाजंगी अशा कशाशी ना कशाशी जोडला गेलेला असतो. मानसशास्त्रात अशा निमित्तांना ‘संकेत’ म्हणतात. संकेत समोर आला की पाव्हलॉव्हच्या प्रयोगांतील कुत्र्यांना जसे घंटेवर पाणी सुटे, तशी तलफ विचाराच्या आधी उठते. महाराष्ट्रातील पानटपरीवर हे सारे संकेत एकत्र नांदतात: कटिंगचा ग्लास, ओळखीचा घोळका, काउंटरवरचे उघडे पाकीट, आणि खांबाला दोरीने बांधलेला लायटर, ज्याच्यामुळे गिऱ्हाइकाला काडेपेटीदेखील बाळगावी लागत नाही. पाकीट विकत घेण्यासाठी थोडा तरी निर्णय करावा लागतो, सुट्या सिगारेटीला मात्र खिशातली चिल्लर पुरते. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने सुट्या सिगारेटी आणि विड्या यांच्या विक्रीवर बंदी घातली, ती या दृष्टीने नेमक्या जागी बोट ठेवणारी होती. ती कितपत पाळली जाते, हे कोणत्याही नाक्यावर पाच मिनिटे उभे राहिल्यास कळते.

पुन्हा ओढलेल्या पहिल्या सिगारेटीपेक्षा त्या सिगारेटीचा लावलेला अर्थ अधिक घातक ठरतो, हे प्रतिपादन वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी केले. त्यांनी घसरणे आणि पूर्वपदाला जाणे यांत भेद केला: लग्नघरात मित्राच्या आग्रहाने ओढलेली एक सिगारेट ही घसरण होय, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाकीट आणणे हे पूर्वपदाला जाणे होय. या दोहोंच्या मध्ये जी रात्र जाते तीत माणूस स्वतःशी जे बोलतो, त्याला मार्लाट यांनी संयमभंगाचा परिणाम असे नाव दिले. ‘मोडले ते मोडलेच, आपल्या अंगी निग्रहच नाही, मग आता कशाला हात आखडायचा’ हा तो विचार होय. एक सिगारेट ओढणारे बहुतेक जण पुढे नियमित ओढू लागतात हे खरे असल्यामुळे ‘फक्त एक’ या शब्दांवर विश्वास ठेवू नये, हे योग्यच आहे. परंतु एक ओढून झाल्यानंतर तीच शेवटची मानून पुढचा दिवस कोरा ठेवणे शक्य असते, हेही तितकेच खरे आहे. नवरा चोरून ओढताना सापडला की घरात जो उद्धार होतो, तो बहुधा याच क्षणी होतो आणि मनात आधीच चाललेल्या विचाराला पुष्टी देतो.

निग्रहाच्या अभावाचे निदान किती तोकडे आहे, हे सिग्मंड फ्रॉइड यांच्या उदाहरणावरून दिसते. मानवी इच्छांचा एवढा अभ्यास करणाऱ्या या डॉक्टरने १८९४ च्या सुमारास हृदयाच्या तक्रारींमुळे मित्राच्या सल्ल्यावरून सिगार सोडून पाहिला आणि पुन्हा जवळ केला. १९२३ साली तोंडाचा कर्करोग आढळल्यानंतर ३० हून अधिक शस्त्रक्रिया होऊनही त्यांचा सिगार सुटला नाही. त्याच १९२३ साली इतालो स्वेव्हो यांची झेनो नावाच्या गृहस्थावरची इटालियन कादंबरी प्रसिद्ध झाली, जिचा नायक जन्मभर ‘शेवटची सिगारेट’ ओढत राहतो आणि तिच्या तारखा नोंदवत राहतो. शेवटच्या सिगारेटीचा सोहळा करू नये, असे स्वेव्हो यांनी कुठे सांगितलेले नाही, पण कादंबरी वाचणाऱ्याला ते पटावे. मुहूर्ताला जेवढे महत्त्व द्यावे तेवढे मुहूर्त चुकल्यावर सारेच व्यर्थ गेल्यासारखे वाटते.

त्यापेक्षा फसलेल्या प्रयत्नांची नोंद उपयोगी पडते. प्रत्येक प्रयत्न कोठे, कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत मोडला हे लिहून काढल्यास बहुधा दोन-तीनच जागा वारंवार आढळतात, आणि मद्यपान त्यांत पुष्कळदा असते. काही कारणे मात्र अशा नोंदीतही दिसत नाहीत. सिगारेटीच्या धुरातील काही घटकांमुळे यकृत कॅफीनचा निचरा जलद करते. धूर थांबला की हा वेग मंदावतो, त्यामुळे पूर्वीइतकाच चहा-कॉफी घेतली तरी रक्तातील कॅफीन वाढते, हात थरथरतात, झोप उडते, आणि ही सारी लक्षणे तलफेची समजून माणूस सिगारेटीकडे वळतो. चहाचे कप निम्म्यावर आणणे हा त्यावरील साधा उपाय आहे. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते, हेही आधीच ठाऊक असलेले बरे, म्हणजे ते पुन्हा ओढण्याचे निमित्त होत नाही.

निकोटिनच्या गमबाबतचे गैरसमज अनेक प्रयत्न फुकट घालवतात. तो गम सतत चघळायचा नसतो. तोंडात चुरचुर जाणवेपर्यंत थोडा चावून मग गाल आणि हिरडी यांच्या मध्ये धरून ठेवायचा असतो, कारण त्यातील निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शोषले जाते, आणि लाळेबरोबर गिळले गेल्यास उचकी व मळमळ एवढेच पदरी पडते. चहा-कॉफीनंतर लगेच तो घेतल्यास शोषण नीट होत नाही. व्हॅरेनिक्लिन हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावे लागते आणि त्याचा नेहमीचा क्रम १२ आठवड्यांचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बरे वाटू लागले की तो अर्धवट टाकला जातो, ही सर्वत्र आढळणारी चूक होय.

महाराष्ट्रात आणखी एक पळवाट आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, पण धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते. बाकीची तंबाखू चुना लावून मळली जाते, मशेरी म्हणून दातांना घासली जाते किंवा अन्य प्रकारे तोंडात जाते. अशा वातावरणात सिगारेट सोडलेल्याच्या पुढे मळलेल्या तंबाखूचा तळहात येण्यास वेळ लागत नाही, आणि ‘धूर तर सुटला’ या समाधानात निकोटिनची गुलामी तशीच राहून तोंडाच्या कर्करोगाचा धोका पदरी येतो.

उशीर झाला या सबबीला रिचर्ड डॉल आणि त्यांचे सहकारी यांनी १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांच्या केलेल्या पाहणीने उत्तर दिले आहे: वयाच्या साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांचे आयुष्य, ती न सोडणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे तीन वर्षांनी आणि पन्नाशीला सोडणाऱ्यांचे सुमारे सहा वर्षांनी वाढलेले दिसले, आणि अखेरची सिगारेट कितव्या प्रयत्नानंतरची होती, याने या हिशेबात काही फरक पडत नाही. भारतात १८००-११-२३५६ हा विनामूल्य मदतक्रमांक २०१६ पासून चालू असून सप्टेंबर २०१८ पासून तो तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापला जातो. पाकीट चुरगाळून फेकणाऱ्याने फेकण्यापूर्वी तो उतरवून घ्यावा, कारण त्याची गरज पहिल्या दिवसापेक्षा चाळिसाव्या दिवशी अधिक भासण्याचा संभव असतो.