गुरू ग्रहाचे वस्तुमान आणि आकर्षण



विवाह ठरविताना गुरुबळ पाहण्याची प्रथा आजही अनेक घरांत आहे. त्या गुरूचे प्रत्यक्ष बळ किती, हे मात्र शाळेतील गणितानेही काढता येते.

जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र पाहिले. १६८७ मध्ये न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा नियम प्रसिद्ध केला आणि हेच चंद्र ग्रह तोलण्याचा तराजू ठरले. पृथ्वीचा चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर अंतरावरून २७.३ दिवसांत एक प्रदक्षिणा करतो. गुरूचा 'आयो' हा चंद्र ४ लाख २२ हजार किलोमीटरवर, म्हणजे थोडा अधिकच दूर आहे. तरीही त्याची प्रदक्षिणा अवघ्या १.७७ दिवसांत पुरी होते. इतक्या वेगाने फिरणाऱ्या चंद्रास धरून ठेवण्यास ओढही तितकीच प्रबळ हवी. दोन्ही काळांच्या गुणोत्तराचा वर्ग सुमारे २३८ आणि अंतरांच्या गुणोत्तराचा घन १.३३, त्यांचा गुणाकार ३१६ च्या आसपास येतो. सूक्ष्म मोजमापांनुसार गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे. इतर सर्व ग्रह एकत्र केले, तरी गुरू त्यांच्या अडीचपट भरतो.

मग त्याच्यावर माणसाचे वजन ३१८ पट होईल काय? नाही. गुरू प्रामुख्याने हायड्रोजन व हेलियम यांचा बनलेला असून त्याचा व्यास पृथ्वीच्या ११ पट आहे. केंद्रापासूनचे अंतर वाढले की आकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे गुरूच्या ढगांच्या माथ्यावर ते पृथ्वीच्या केवळ अडीचपट असते. येथे ६० किलो भरणारा माणूस तेथे सुमारे १५० किलो भरेल. अर्थात उभे राहण्यास तेथे जमीन नाही.

आता पृथ्वीवरील माणसाचा विचार करावा. गुरू अगदी जवळ येतो तेव्हाही तो सुमारे ५९ कोटी किलोमीटर दूर असतो. त्या अंतरावरून ६० किलोच्या माणसावर पडणारी त्याची ओढ दोन मिलिग्रॅम वजनाएवढी, म्हणजे साखरेच्या काही कणांइतकी असते.

शिक्षकांनी हा हिशेब फळ्यावर मांडावा आणि विद्यार्थ्यांकडून स्वतः करवून घ्यावा. पत्रिकेपुढे अडलेल्या एखाद्या घरातही तो पोहोचला, तर एखाद्या मुलीच्या विवाहातील अडसर दूर होण्यास त्याचे साहाय्य होईल.