घरचा लेथ आणि शाळेचे गणित

 

आपल्यापैकी कित्येकांच्या घराला लागूनच लहानसे वर्कशॉप आहे. मुलगा आठवीत गेला की वडिलांना वाटते, आता याला लेथवर उभे करावे; शाळा काय पोट भरणार? म्हणून आज मी लेथचीच गोष्ट सांगतो.

टूल अर्धा मिलिमीटर आत घेतले की जॉबचा व्यास एक मिलिमीटरने उतरतो, कारण फिरत्या जॉबवरचा धातू सगळीकडून सारखाच निघतो. त्रिज्या आणि व्यास यांतला हा फरक न कळल्यामुळे माझी पहिली बुशी भंगारात गेली. वेगाचेही तसेच. २५ मिलिमीटर जाडीची माइल्ड स्टीलची सळई मिनिटाला २५ मीटर वेगाने कापायची, तर चकचे सुमारे ३२० फेरे हवेत. हे परिघाच्या सूत्रातूनच निघते. सळई दुप्पट जाड झाली की फेरे निम्मे. आणि जॉब गरम असताना शेवटचे माप कधीच घेऊ नये. ५० मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट ४० अंशांनी तापला, तर सुमारे दोन शतांश मिलिमीटर फुगतो. तेवढ्यावर बेअरिंगची बैठक सैल होते, गिऱ्हाईक जॉब परत आणते.

तेव्हा मुलाला मापे घ्यायला, हिशेब मांडायला जवळ बसवा. चालू मशीनवर इतक्यात नको. सैल बाही चकमध्ये ओढली जायला क्षणही पुरतो. आणि दहावीपूर्वी त्याचे दप्तर खाली ठेवू नका. आय.टी.आय.चा टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दहावीनंतरच मिळतो. त्यासाठी मुलींनाही अर्ज करता येतो.