जुन्या नकाशातून नवा नकाशा

गावात पाणी अडवायचे ठरले की पहिला वाद उठतो तो जागेचा. बंधारा कुठे घालायचा? ज्याचा आवाज मोठा त्याच्या शेताशेजारी घातला, तर पैसाही जातो आणि पाणीही. अहिल्यानगरसारख्या पर्जन्यछायेच्या जिल्ह्याला हे परवडायचे नाही. या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आपल्याच दप्तरात असते; मात्र ते निरनिराळ्या कागदांवर विखुरलेले असते.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या. त्यावर सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा असतात, सहसा दर २० मीटरला एक. उतार त्यात वेगळा दाखवलेला नाही. पण रेषा दाटल्या तिथे चढ उभा, विरळ झाल्या तिथे जमीन सपाट. ओढ्यापाशी रेषांचे टोक चढाकडे वळते. ओढ्याच्या दोन्ही अंगांचे माथे धरून रेघ ओढत गेलात, की त्याच्या पाणलोटाची हद्द मिळाली. ही हद्द गावाची शीव मानत नाही, बरे का!

आता गटांचा गावनकाशा त्याच प्रमाणात आणून यावर ठेवा. कोणत्या गटाचे पाणी कोणत्या ओढ्याला जाते ते कळेल. पाणलोटाचे हेक्टर मोजा. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. १०० हेक्टरांवर ५० मिलिमीटर पडला तर ५ कोटी लिटर! त्यातले किती मुरेल नि किती वाहील, हे माती, उतार आणि पावसाचा जोर ठरवतात.

नगर तालुक्यातील हिवरे बाजारने डोंगरउतारावर समतल चर खोदले आणि गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याचा पायंडा पाडला. समतल चर जातो तो समोच्च रेषेनेच.

हे काम आज संगणक चुटकीसरशी करतो. परंतु मूळ कागदातली चूक नव्या नकाशातही उतरते. ओढा सरकलेला असतो, मध्ये रस्ता झालेला असतो. शिवाय २० मीटरांच्या आतला चढउतार या रेषांत बहुधा सापडतच नाही. तेव्हा नकाशा तयार झाला की जाणती माणसे घेऊन शिवारफेरी करावी, आणि मगच कुदळ मारावी.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा प्रयोग पारदर्शक कागदावर मुलांकडून जरूर करून घ्यावा. आपल्या शाळेच्या छपरावरचे पाणी शेवटी कोणत्या नदीला मिळते, एवढे मुलांनी शोधून काढले तरी भूगोलाचा तास सार्थकी लागला म्हणायचा.