बेंबीआडचा टाका

(कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या कामगार मैत्रिणींच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षभरात इथल्या तीन-चार मुलींनी मला बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली. “ताई, ते एका भोकातून वजन कमी करायचं ऑपरेशन चांगलं असतंय का?” मी समाजकार्य शिकलेली बाई, डॉक्टर नव्हे. पण रुग्णालयाच्या जाहिरातीत असतं त्यापेक्षा जास्त माहिती आपल्याला मिळालीच पाहिजे, म्हणून वाचून, डॉक्टर मैत्रिणींशी बोलून आले आहे.

दुर्बिणीचं ऑपरेशन आपल्याला नवं नाही. आपल्या आया-मावशांनी ते शिबिरांतून ‘बिनटाक्याचं’ म्हणून करून घेतलं. २०१४ साली छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ अशाच शिबिरात काही तासांत ८३ बायकांची नसबंदी उरकली आणि त्यानंतर १३ बायका दगावल्या. छेद तिथेही छोटाच होता.

वजनाच्या नेहमीच्या ऑपरेशनात पोटावर चार-पाच छेद देतात, एकेक अर्धा ते सव्वा सेंटिमीटरचा. एकछेदी पद्धतीत बेंबीतच अडीच ते चार सेंटिमीटरचा एक छेद घेऊन सगळी हत्यारं तिथूनच आत घालतात. बेंबीच्या घडीत व्रण लपतो. पण आतलं काम तेच. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून बाहेर काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. कापलेलं जठर परत येत नाही.

मुंबईत डॉ. मुफझल लकडावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन पद्धतींची तुलना करून २०११ साली ती प्रसिद्ध केली. दोन्ही गटांत ५०-५० रुग्ण होते. वजन दोन्हीकडे जवळपास सारखंच उतरलं. म्हणजे अनुभवी हातांत, निवडक रुग्णांत हे जमतं. ते नाकारायचं कारण नाही. पण वजन जास्त उतरतं असंही नाही. फायदा आहे तो मुख्यतः व्रणाचा.

तोटा कुठे? एकाच वाटेनं घातलेली हत्यारं एकमेकांना अडतात. अंगानं फार जाड किंवा उंच बाईत बेंबीपासून जठराचं वरचं टोक लांब पडतं, मध्ये यकृत येतं. मग आणखी एखादा छेद द्यावा लागतो, आणि तो वेळेवर देणारा सर्जन शहाणा समजायचा. दुसरं, बेंबीतला छेद मोठा असल्यानं तिथे हर्निया व्हायची भीती. पित्ताशयाच्या ऑपरेशनांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात एकछेदी गटात ८.४ टक्के रुग्णांना हर्निया झाला, चार छेदांच्या गटात १.२ टक्के. हे पित्ताशयाचे आकडे आहेत, वजनाच्या ऑपरेशनाचे नाहीत. पण बेंबी तीच, आणि आपल्यातल्या किती जणी क्रेट उचलतात ते तुम्हाला माहीत आहे.

आता त्या मुलींचा पुढचा प्रश्न सांगते. “टाका दिसत न्हाई म्हणं. सासरी कळणार न्हाई नव्हं?”

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. ज्या मुलीनं हे विचारलं तिची उंची पाच फूट, वजन ६१ किलो, साखर-रक्तदाब ठीक. ऑपरेशनाच्या कुठल्याही वैद्यकीय निकषात ती बसत नाही. तिला आजार नाही, तिला स्थळं नाकारतात. महाराष्ट्रात जादा वजनाचं प्रमाण बायका आणि पुरुषांत जवळपास सारखं आहे, पण जगभर ही ऑपरेशनं करून घेणाऱ्यांत चारांत सुमारे तिघी बायका असतात. न दिसणारा व्रण कोणाला विकला जातोय ते वेगळं सांगायला नको.

आणि लपवलेलं ऑपरेशन धोक्याचं असतं. जठराच्या शिवणीतून गळती शंभरात एक-दोघींना होते. धडधड, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, धाप, ही तिची लक्षणं. घरी कोणाला माहीत नसेल तर पित्त झालं म्हणून सोडा-लिंबू देतील. सतत उलट्या होऊन बी-१ जीवनसत्त्व संपलं तर चालताना तोल जातो, नजर बिघडते. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यावं आणि तपासावं लागतं. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात मुळातच रक्त कमी, त्यात ही भर. शिवाय ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने गर्भ राहू द्यायचा नसतो. लग्नासाठी ऑपरेशन केलेल्या, ते लपवलेल्या मुलीनं पहिल्या वर्षी पाळणा का लांबवायचा हे सासूला कसं सांगायचं?

जेवणाचंही बघा. घास घास चावून वीस-तीस मिनिटं, जेवताना पाणी नाही, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. जेवणाच्या अर्ध्या तासात रांग, डबा, हात धुणं आणि परत मशिनवर, यात हे कसं बसवणार? सुपरवायझरला सांगितल्याशिवाय नाही बसत.

याचा अर्थ हे ऑपरेशन वाईट, असं नाही. साखर आटोक्यात येत नाही, झोपेत श्वास अडतो, गुडघे गेलेत आणि वजन शंभराच्या पुढे आहे, अशा बाईला ते नवं आयुष्य देऊ शकतं. चांगल्या केंद्रात मृत्यूचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास आहे. तिला ‘आळशी, खादाड’ म्हणणाऱ्यांशी आपण भांडायचं. पण तिलाही पुढचं कळलं पाहिजे. फिनलंडमधल्या २४० रुग्णांच्या अभ्यासात दहा वर्षांनी स्लीव्ह केलेल्यांपैकी ३१ टक्के जणांच्या अन्ननलिकेला आम्लानं सूज होती, बायपास केलेल्यांत ७ टक्के. छाती आधीच जळत असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा. आरोग्य विमा साधारणपणे बीएमआय ४० असेल तर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार असेल तरच पैसे देतो. पाच फुटांच्या बाईला ३५ म्हणजे सुमारे ८१ किलो.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा भोकं किती हे शेवटी विचारा. आधी विचारा: मला हे का हवं? तुम्ही अशी किती केलीत, त्यातल्या किती जणींना परत पोट उघडावं लागलं? रात्री दोनला त्रास झाला तर फोन कोण उचलेल? गोळ्या-तपासण्यांचा महिन्याचा खर्च किती? संमतीचा कागद मराठीत मागा, घरी आणून वाचा. दुसरं मत कोल्हापुरात सीपीआरमध्ये घेता येतं, बरोबर यायला आम्ही आहोत.

आणि ऑपरेशन झालंच, तर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स ईएसआयच्या कार्डाबरोबर पर्समध्ये ठेवा. कपाटात साड्यांखाली नको. शेजारी मशिनवर उभ्या असणाऱ्या एका तरी मैत्रिणीला ती कुठे आहे ते माहीत असू दे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.