क्विस्ट : सिंफनिक ब्लॅक मेटलमधील एक दुर्लक्षित अल्बम

नॉर्वेतील ब्लॅक मेटल या संगीतप्रकाराचा इतिहास बहुधा गुन्ह्यांच्या अंगाने सांगितला जातो. १९९२ मध्ये बर्गनजवळचे फान्तोफ्टचे लाकडी चर्च जाळले गेले आणि १९९३ मध्ये ‘मेहेम’ या बँडचा गिटारवादक युरॉनिमस याचा खून झाला, या दोन घटनांनी लोकांचे कुतूहल इतके व्यापून टाकले की प्रत्यक्ष संगीताची चिकित्सा मागे पडली. ज्यांची ओळख केवळ त्यांच्या स्वरांतूनच होऊ शकते अशा कलावंतांचे या उपेक्षेने विशेष नुकसान झाले, आणि ओस्लोच्या वायव्येकडील होनेफॉस या गावातल्या ‘क्विस्ट’ या त्रयीचे नाव त्यांत अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

टॉम हागेन, हाल्वार्ड वेनर्सबर्ग हागेन आणि एन्द्रे ब्योत्वाईत या तिघांचा एकमेव पूर्ण अल्बम ‘फॉर कुन्स्टन मो वी एवी वीके’, म्हणजे ‘कलेसाठी आपण सदैव वाट सोडावी’, मिलानच्या ‘आवांगार्द म्युझिक’ने १९९६ मध्ये प्रकाशित केला. त्यात नॉर्वेजियन भाषेतील दीर्घ रचना आहेत आणि संख्या अवघी सहा असूनही त्यांचा एकूण कालावधी पाऊण तासाच्या पुढे जातो.

ब्लॅक मेटलमध्ये गिटारच्या तारेवर एकच स्वर अतिजलद आघातांनी सलग छेडला जातो, ड्रमची लय धावती असते आणि गायन घसा खरवडून काढलेल्या कर्कश आवाजात होते. या रचनेला कीबोर्डवरील स्वरसमूहांची जोड मिळाली की तिला सिंफनिक हे विशेषण लागते. त्या काळी अशा संगीतात प्रत्यक्ष वाद्यवृंद क्वचितच असे. नॉर्वेच्याच ‘डिम्मू बोर्गिर’ या बँडने गोथेनबर्ग ऑपेराचा वाद्यवृंद वापरला तो २००१ मध्ये, तोवर तंतुवाद्यांचा आभास सिंथेसायझरनेच निर्माण करायचा, ही बहुतेकांची मर्यादा होती.

त्या मर्यादेचा विनियोग कोणी कसा केला, यावर गुणवत्तेचा निवाडा ठरतो. अनेक समकालीनांच्या अल्बममध्ये कीबोर्ड दर्शनी नक्षीसारखा वरून चढवलेला ऐकू येतो. तो काढून टाकला तरी खालची रचना तशीच उभी राहते. क्विस्टच्या संगीतात मात्र धून गिटार वाहते आणि कीबोर्ड तिच्याखालचा स्वरसंवाद, म्हणजे एकाच वेळी उमटणाऱ्या अनेक स्वरांचे परस्परनाते, सावकाश बदलत नेतो. तंबोऱ्याचा षड्ज अचल राहून रागाला आधार देतो. येथे आधारच हलतो, आणि म्हणून पुन्हा पुन्हा आलेली तीच गिटारची ओळ दर आवर्तनात निराळ्या भावाची वाटते. या प्रकारात एरवी गाडला जाणारा बेसचा आवाजही स्वतंत्र चाल घेऊन ऐकू येतो. ‘स्टुपेत’ किंवा ‘वेत्तेनेत्तर’ यांसारख्या रचना कडव्याकडून ध्रुवपदाकडे परतण्याऐवजी एका टप्प्यातून दुसऱ्यात उलगडत जातात, त्यामुळे त्यांची लांबी अपरिहार्य वाटते, आणि हेच या अल्बमचे खरे यश आहे.

असे असूनही तो मागे पडला, याचे एक कारण प्रकाशनवर्षातच आहे. १९९६ मध्येच डिम्मू बोर्गिरचा ‘स्टोर्मब्लोस्ट’, ‘आर्क्टुरस’चा ‘आस्पेरा हिएम्स सिंफोनिया’, ‘सॅटिरिकॉन’चा ‘नेमेसिस डिव्हिना’ आणि इंग्लंडच्या ‘क्रेडल ऑफ फिल्थ’चा ‘डस्क अँड हर एम्ब्रेस’ आले. या मंडळींनी पुढे अल्बममागून अल्बम काढले, आणि प्रत्येक नव्या अल्बमसोबत त्यांचे जुने काम पुन्हा ऐकले गेले. क्विस्टच्या पाठीशी असा दुसरा अल्बम नव्हता. टीकाकार ‘संपूर्ण कारकीर्द’ हेच मूल्यमापनाचे एकक मानतात, तेव्हा एकाच कृतीत पूर्णत्व गाठणाऱ्यांवर अन्याय होतो, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

ही त्रयी विसर्जित झाली ती प्रतिभा आटल्यामुळे, असे मानण्यास मात्र आधार नाही. हाल्वार्ड हागेन पुढे ओस्लोच्या ‘एक्स्प्लोडिंग प्लास्टिक्स’ या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जोडीत सहभागी झाला आणि २००१ मध्ये त्या जोडीचा पहिला अल्बम आला. जॅझच्या छटा असलेल्या त्या संगीतात ना कर्कश गायन आहे ना विकृत केलेला गिटारध्वनी, पण अनेक स्वरथर एकमेकांवर रचून त्यांतला प्रत्येक थर सुटा ऐकू यावा अशी जी मांडणी तेथे आढळते, तिची पूर्वतयारी क्विस्टच्या या सहा रचनांत शोधता येते.