सवलत कोणाची, नियम कोणाचा?

(कुंभकोणम् येथील कामगार अभ्यासवर्गात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



निवडणुकीच्या तोंडावर वाटल्या जाणाऱ्या सवलतींवर बोलायला मला सांगितले आहे. त्यासाठी हा कावेरीकाठ योग्यच. तंजावरच्या भोसले राजांनी या मुलखात वाटसरूंसाठी अन्नछत्रे चालवली. पोट भरे, पण छत्र बंद झाले तर राजाला जाब विचारण्याची सोय नव्हती. आज मत आहे, म्हणून जाब आहे, आणि म्हणूनच भांडणही आहे.

2022 साली पंतप्रधानांनी 'रेवडी' हा शब्द काढला. आपल्यातली पगारदार मंडळीही तो आवडीने वापरतात. त्यांनी तमिळनाडूचा अनुभव जरूर ऐकावा. जयललिता सरकारने महिना पाच हजारांवर उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या रेशनकार्डावर 'एच' शिक्का मारला आणि त्यांचा तांदूळ बंद केला. शेतकऱ्यांची मोफत वीज काढली. जुलै 2003 मध्ये संपावरच्या सुमारे पावणेदोन लाख कर्मचाऱ्यांना व शिक्षकांना एका फटक्यात बडतर्फ केले, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने संपाचा मूलभूत हक्क नाही असे सांगितले. मे 2004 च्या लोकसभा निवडणुकीत राज्यातील 39 पैकी एकही जागा सत्ताधारी पक्षाला मिळाली नाही. त्याच महिन्यात 'एच' कार्ड रद्द, वीज पुन्हा मोफत, कर्मचाऱ्यांवरची कारवाई मागे! लोकांनी मत देऊन नियम बदलून घेतला. याला लाच म्हणायचे काय? मी म्हणणार नाही.

पण दुसरी बाजूही याच राज्यातली आहे. 2006 साली द्रमुकने रंगीत टी.व्ही. देऊ केला, तर 2011 साली अण्णा द्रमुकने मिक्सर, ग्राइंडर आणि पंखा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 5 जुलै 2013 च्या निकालात न्यायालय म्हणाले की जाहीरनाम्यातले आश्वासन कायद्याने भ्रष्टाचार ठरत नाही, पण अशा वाटपाने निवडणुकीची समानता हलते. आयोगाने मार्गदर्शक नियम करावेत. 2014 साली नियम झाले, तेही आचारसंहितेत. आचारसंहितेला कायद्याचे दात नाहीत हे आपण जाणतो.

आता आपल्या घरी या. 4 जून 2024 ला लोकसभेचा निकाल लागला. महायुतीला 48 पैकी 17 जागा. 28 जूनला अर्थसंकल्पात 'लाडकी बहीण' आली, महिना 1,500 रुपये. पोस्टात खाते उघडायला लागलेल्या रांगा आपल्या टपाल साथींनीच आवरल्या. 20 नोव्हेंबरच्या मतदानाआधी सत्ताधारी 2,100 म्हणाले, विरोधक 3,000 म्हणाले. लिलावच तो! अडीच लाख उत्पन्नाची अट पहिल्या दिवसापासून कागदावर होती, पण नीट छाननी झाली ती मते पेटीत पडल्यावर. 2025 च्या जुलैत सरकारनेच सांगितले की 26 लाखांहून अधिक लाभार्थ्यांचे पैसे थांबवले आहेत. त्यात अपात्र असतील, काही पुरुषही निघाले म्हणतात. माझा सवाल असा की ही चाळणी सप्टेंबर 2024 मध्ये कुठे होती? बाईला 1,500 मिळाले याचे मला दुःख नाही. मताआधी दार सताड उघडे आणि मतानंतर 'कागद दाखवा', याला माझा विरोध आहे.

आपल्या बोनसचे पाहा. रेल्वेत उत्पादकतेशी निगडित बोनस 1979-80 पासून आहे. दसऱ्याला जाहीर होतो, मग निवडणूक असो वा नसो. त्याला कोणी रेवडी म्हणत नाही, कारण त्यामागे सूत्र आहे आणि ते संघटनांशी बसून ठरले आहे. (सात हजारांची मर्यादा हा वेगळा अन्याय, त्यावर उद्या बोलू.) शेतमजूर बाईला असे सूत्र का नको?

आणि पंच सगळ्यांना सारखा हवा. 2011 साली तमिळनाडूत आचारसंहिता लागताच टी.व्ही. वाटप थांबवण्यात आले. 2025 साली बिहारमध्ये महिलांच्या खात्यात दहा-दहा हजार पडू लागले 26 सप्टेंबरला. 6 ऑक्टोबरला आचारसंहिता लागली तरी वाटप चालू राहिले. 'योजना आधीची आहे' हे उत्तर दहा दिवसांच्या योजनेलाही चालते, असा याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट, आपण या गावात आहोत म्हणून. 16 जुलै 2004 रोजी इथल्या एका शाळेत आग लागून 94 मुले गेली. ठिणगी उडाली ती माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून. वर झावळ्यांचे छप्पर होते. शाळेतले जेवण कामराजांचे की एम.जी.आर. यांचे, यावर पक्ष आजही श्रेय मागतात. त्या चुलीवरच्या छपराचा नियम मात्र कोणाच्याच जाहीरनाम्यात नव्हता.

म्हणून ठरावात आम्ही असे मांडले आहे: मतदानाआधीच्या सहा महिन्यांत नवी रोख योजना नको, पात्रता पहिला हप्ता देण्यापूर्वीच तपासावी, लाभ बंद करायचा तर नोटीस द्यावी, म्हणणे ऐकावे, जसे आपण चार्जशीटच्या वेळी मागतो, आणि हे सारे आचारसंहितेत नव्हे, कायद्यात यावे. 'सहा महिने' या शब्दावर नागपूरच्या साथींचा आक्षेप आहे, त्यांना एक वर्ष हवे. जेवणानंतर आधी त्यांनाच बोलू द्यावे, अशी अध्यक्षांना विनंती.